लागणीशिवाय खोडवा राहात नाही

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



तोडी संपत आल्या की या पानावर आम्ही दरवर्षी खोडव्यासंबंधी लिहितो. पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, नांग्या भरा, पहारीने खत द्या, हे आमचे ठरलेले पाढे. पण यंदा खोडव्याच्या शेतातूनच एक वेगळा विषय निघाला, आणि तो आपल्या वयस्क सभासदांच्या जिवाशी निगडित आहे. म्हणून शेतकी विभागाचे हे पान आम्ही या वेळी त्याला देत आहोत.

गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या एका गटातील वयाची सदुसष्ट वर्षे पार केलेले सभासद, सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो, तोड झालेल्या प्लॉटमध्ये बुडखे छाटून घेत होते. मजुरांबरोबर स्वतःही हातात कोयता. छाटलेल्या बुडख्याचे टोक चपलेच्या कडेने तळपायात घुसले. अण्णांनी पाटाच्या पाण्यात पाय धुतला, हळद दाबली, धोतराची चिंधी बांधली आणि काम पुरे केले. तिसऱ्या दिवशी आम्ही प्लॉटवर गेलो होतो. पायाची चिंधी आम्ही पाहिली. "काय झालं, अण्णा?" असे विचारलेही. "काही नाही साहेब, बुडखा लागला. शेतकऱ्याला हे रोजचंच." आम्हीही मान डोलावली आणि नांग्या भरायला रोपे किती लागतील याचा हिशोब करत बसलो.

नवव्या दिवशी सकाळी अण्णांना भाकरीचा घास घेता येईना. जबडा उघडेना. दाढ दुखत असेल म्हणून घरच्यांनी लवंग दिली. संध्याकाळी मान ताठली, पाठीत कळा येऊ लागल्या. रात्री कुणी भांडे आपटले तरी सारे अंग लाकडासारखे ताठ होई. मुलाने जीप काढून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. डॉक्टरांनी पायाची जखम बघितली आणि सांगितले, धनुर्वात. अण्णा पाच आठवडे दवाखान्यात होते. त्यातले बरेच दिवस गळ्याला भोक पाडून नळीने, यंत्राच्या श्वासावर. ते वाचले ही आई भवानीची आणि डॉक्टरांची कृपा. एक एकर ऊस मोडावा लागला.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता यांना धनुर्वाताच्या लशीचे तीन डोस पुरे करा." मुलगा आमच्याकडे आला. "साहेब, रोग तर होऊन गेला. गोवर एकदा झाला की परत होत नाही. मग आता लस कशाला?" आम्हाला उत्तर देता आले नाही. शेतकी पदविकेत जनावरांच्या फऱ्या-घटसर्पाच्या लशी शिकलो, माणसांच्या नाही. मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे दोन-तीन वेळा जाऊन बसलो, त्यांनी दिले ते वाचले. जे समजले ते सभासदांपुढे ठेवतो.

रोग कसा होतो

धनुर्वाताच्या जंतूचे बीज मातीत असते, शेणखतात असते, गुराघोड्यांच्या आतड्यात असते. ते इतके चिवट की थोडा वेळ उकळूनही मरत नाही. म्हणजे आपण शेतकरी आयुष्यभर त्याच्यातच वावरतो. उघड्यावर ते निपचित पडून असते. पण खोल, अरुंद, हवा न लागणाऱ्या जखमेत शिरले की रुजते आणि विष सोडते. म्हणून कोयत्याच्या लांबरुंद घावापेक्षा बुडख्याचा, काट्याचा किंवा खिळ्याचा बारीक खोल घाव अधिक फसवा. गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो असे म्हणतात, पण दोष गंजाचा नसून खिळ्याला चिकटलेल्या मातीचा असतो.

जखम झाल्यावर बहुधा तीन ते एकवीस दिवसांत लक्षणे दिसतात. तोवर वरची जखम कधीकधी भरूनही आलेली असते. विष एकदा मज्जातंतूला चिकटले की ते काढता येत नाही. दवाखान्यात देतात ते औषध रक्तात मोकळे फिरणारे विष तेवढे मारते. बाकी शरीर सावरेपर्यंत रोग्याला तगवून धरायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती राहते.

आता अण्णांच्या मुलाचा प्रश्न. हे विष इतक्या सूक्ष्म प्रमाणात माणूस लोळवते की तेवढ्याने शरीराची प्रतिकारशक्ती जागीही होत नाही. म्हणून धनुर्वात एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. दुसरी गोष्ट, हा रोग माणसापासून माणसाला लागत नाही. त्यामुळे गावातल्या सगळ्यांनी लस घेतली तरी ज्याने घेतली नाही त्याला तिचा उपयोग शून्य. शेजाऱ्याच्या पाटाचे पाणी पाझरून आपल्या रानाला ओल मिळते, तसे इथे होत नाही.

लस किती दिवस पुरते

१८९० साली जर्मनीत एमिल फॉन बेहरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ किटासाटो शिबासाबुरो यांनी दाखवले की, या विषाची ओळख झालेल्या प्राण्याच्या रक्तात विष मारणारे द्रव्य तयार होते. त्यालाच आज प्रतिपिंडे म्हणतात. पुढे घोड्याच्या रक्तापासून हे द्रव्य काढून माणसांना टोचू लागले. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली सुरू झाली तीही घोड्यांपासून धनुर्वातविरोधी रक्तद्रव करण्यापासूनच. पण बाहेरून दिलेले प्रतिपिंड काही आठवड्यांत संपते. लशीत मात्र निर्विष केलेले विषच टोचतात, आणि शरीर स्वतःची प्रतिपिंडे स्वतः करायला शिकते. म्हणून तिचा परिणाम वर्षानुवर्षे टिकतो.

किती वर्षे? अमेरिकेत ओरेगन येथील शास्त्रज्ञांनी काही माणसांच्या रक्ताचे नमुने अनेक वर्षे तपासून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की धनुर्वाताची प्रतिपिंडे सुमारे अकरा वर्षांत निम्मी होतात. याच तपासणीत गोवराची प्रतिपिंडे जवळजवळ जन्मभर तशीच राहिलेली दिसली. म्हणून गोवराचा नियम धनुर्वाताला लावून चालत नाही.

हिशोब करून पाहू. नेहमीच्या तपासणीत रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ०.१ एकक एवढी प्रतिपिंडे असली तर संरक्षण आहे असे धरतात. समजा, चाळिशीत डोस घेतल्यावर एखाद्याची पातळी १ एकक झाली. एक्कावन्नाव्या वर्षी ती अर्धा, बासष्टाव्या वर्षी पाव, त्र्याहत्तराव्या वर्षी ०.१२५, म्हणजे काठावर. दुसऱ्याची पातळी मुळात ०.४ च झाली, तर तो बावीस वर्षांतच काठावर येईल. विहिरीचे पाणी किती दिवस पुरेल हे उपशाइतकेच पावसाळ्यात ती किती भरली यावर असते, तसेच हे. वय झाले की शरीर नव्या डोसाला उत्तर देते, पण तरुणपणाइतके भरभरून देत नाही. विहीर कमी भरते, म्हणून लवकर तळ दिसतो.

म्हणूनच देशोदेशींची वेळापत्रके निरनिराळी झाली. अमेरिकेत दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यायला सांगतात. फ्रान्समध्ये पंचविसाव्या, पंचेचाळिसाव्या आणि पासष्टाव्या वर्षी, आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी. ऑस्ट्रियात तर साठीनंतर दहाऐवजी पाच वर्षांचे अंतर ठेवण्याची शिफारस केली गेली. उलट ब्रिटनमध्ये लहानपणापासूनचे पाच डोस झाले की नेहमीचा बूस्टर नाही. जखम पाहून काय ते ठरवतात. आकडे वेगळे दिसले तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. पायाचे डोस पूर्ण झालेले असतील तरच बूस्टरचा हिशोब सुरू होतो.

साठीच्या पुढच्यांचा प्रश्न

आणि आपल्याकडची खरी मेख इथेच आहे. सभासद बंधूंनो, लागणच केली नसेल तर खोडवा कशाचा राखणार? धनुर्वाताच्या लशीचे पहिले तीन डोस म्हणजे लागण. त्यानंतरचा बूस्टर म्हणजे खोडवा. तीन डोस झालेल्या माणसाला वीस वर्षांनी जरी एक डोस दिला तरी शरीराला जुनी ओळख असते, आणि आठवडाभरात प्रतिपिंडे वर येतात. ज्याला पूर्वी काहीच मिळालेले नाही त्याला जखमेनंतर दिलेला पहिला डोस म्हणजे नुसती कांडी पुरणे. उगवायच्या आत विष आपले काम करून जाते.

भारतात बालकांच्या लसीकरणाची देशव्यापी मोहीम १९७८ साली सुरू झाली आणि १९८५ पासून तिला सार्वत्रिक रूप आले. आज बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तीन डोस मिळतात, मग दीड-दोन वर्षांचे असताना व पाच-सहा वर्षांचे झाल्यावर बूस्टर, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी. आपल्या नातवंडांची लागण पक्की आहे. पण आज साठी ओलांडलेला सभासद ही मोहीम सुरू होण्यापूर्वीच जन्मलेला आहे. त्याच्या वाट्याला हे आलेच नाही.

बायकांचे थोडे बरे. बाळंतपणाच्या वेळी गर्भवतींना धनुर्वाताची इंजेक्शने देण्याचा कार्यक्रम गावोगाव चालला. नवजात बाळांचा धनुर्वात त्यामुळेच आटोक्यात आला, आणि २०१५ साली माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. म्हणजे दोन-तीन बाळंतपणे दवाखान्याच्या देखरेखीखाली झालेल्या काकूंच्या अंगात काही पाया असण्याचा संभव आहे. त्याच घरातल्या अण्णांच्या अंगात तो नाही. आम्ही अण्णांच्या घरी हे सांगितले तेव्हा काकू म्हणाल्या, "मला प्रत्येक खेपेला नर्सबाई टोचून जायच्या. यांना कोण टोचणार? हे कधी बाळंत झाले?" सगळे हसले, पण गोष्ट खरी आहे.

हे केवळ आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात केलेल्या मोठ्या रक्ततपासणीत सहा ते अकरा वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ८८ टक्क्यांना पुरेसे संरक्षण आढळले, तर सत्तरी ओलांडलेल्यांत ते फक्त २८ टक्क्यांच्या आसपास होते. जपानमध्ये धनुर्वाताची लस मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात १९६८ साली आली. २०११ च्या भूकंप व त्सुनामीत चिखल-मलब्यात जखमी होऊन ज्या दहाजणांना धनुर्वात झाला ते सगळे पन्नाशीच्या पुढचे निघाले. इंडोनेशियातील आचे प्रांतात २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर १०६ जणांना धनुर्वात होऊन २० दगावले.

सहा महिन्यांचा गैरसमज

आपल्या भागात एक समज पक्का बसला आहे. "टीटी घेतलं की सहा महिने बघायला नको." आमच्या चिटबॉयपासून मोठमोठ्या बागायतदारांपर्यंत सर्वांच्या तोंडी हेच. यातून दोन तऱ्हेचे नुकसान होते.

एक, पाया पक्का असलेला तरुण माणूस दर खरचटण्याला सुई टोचून घेतो. त्याची गरज नसते. उलट वारंवार घेतल्याने दंड सुजतो, ठणकतो, आणि मग खरी गरज असते तेव्हा तो इंजेक्शन नको म्हणतो.

दोन, आणि हे अधिक घातक, पाया नसलेला वयस्क माणूस एका सुईवर निर्धास्त होतो. अण्णांनीही बारा-चौदा वर्षांपूर्वी पत्रा लागला तेव्हा एक सुई घेतली होती. त्याआधी एकही नाही आणि नंतरही नाही. तीन डोसांची लागण एकाच डोसावर सोडून दिलेली. आपण असे रान धरले तर गट ऑफिस नोंदसुद्धा करणार नाही.

आता टीटी म्हणजे नुसत्या धनुर्वाताच्या लशीच्या जागी टीडी आली आहे. सरकारी लसीकरणात २०१९ पासून हा बदल झाला. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस आहे. घटसर्पाचे संरक्षणही वयाबरोबर ओसरते, तेव्हा एका सुईत दोन कामे होतात.

इतर लशींचे काय?

एका सभासदांनी आम्हाला विचारले, "करोनाचा बूस्टर सहा महिन्यांत उतरतो म्हणत होते, मग हा दहा वर्षे कसा चालतो?" प्रश्न रास्त आहे. प्रत्येक लशीची मुदत वेगळी, कारण रोग वेगळा.

करोनासाठी १० जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे साठीपुढच्या व्याधिग्रस्तांना तिसरा, खबरदारीचा डोस सुरू झाला. अशा बूस्टरनंतर नुसती लागण होण्यापासूनचे संरक्षण काही महिन्यांतच ओसरले. गंभीर आजारापासूनचे त्यापेक्षा पुष्कळ अधिक टिकले. हा विषाणू रूपही बदलत राहिला. इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लूचेही तसेच, म्हणून त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. नागिणीवर आता वयस्कांसाठी दोन डोसांची लस आली आहे. तिचे संरक्षण दहा वर्षांनंतरही बरेचसे टिकून असल्याचे पाहणीत दिसले. धनुर्वाताचे विष मात्र रूप बदलत नाही. शंभर वर्षांपूर्वी होते तेच आज आहे. बदलते ते आपले वय. मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्या वयस्कांनी बाकीच्या लशींबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता काय करावे

१. वय साठीच्या पुढे आहे आणि तीन डोस पूर्ण झाल्याचे आठवत नाही, कागद नाही, तर झालेले नाहीत असेच धरा. पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, आणि दुसऱ्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरा.

२. लक्षात राहावे म्हणून आपले पंचांग वापरा. पहिला डोस अडसाली लागणीच्या सुरुवातीला जुलैत, दुसरा ऑगस्टात, तिसरा सुरू लागणीच्या वेळी फेब्रुवारीत.

३. तोडणी मजुरांतही पन्नाशी-साठीचे पुष्कळजण असतात आणि कोयता रोज त्यांच्याच हातात. पहिले दोन डोस चालू हंगामात, तिसरा पुढच्या हंगामाला आल्यावर, असे जमते. मुकादमांनी टोळीची यादी गट ऑफिसला द्यावी. आरोग्य केंद्राशी बोलण्याचे काम आम्ही करू.

४. तीन डोस झालेल्यांनी दर दहा वर्षांनी एक बूस्टर घ्यावा. मध्ये जखम झाली आणि ती स्वच्छ, किरकोळ असली तर दहा वर्षांचाच हिशोब. खोल किंवा माती-शेण लागलेली असली आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे होऊन गेली असतील, तर लगेच एक डोस.

५. पाया नसलेल्या माणसाला खोल, मातीची जखम झाली तर नुसती लस पुरत नाही. तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. दवाखान्यात गेल्यावर स्पष्ट सांगावे, "मला पूर्वी तीन डोस झालेले नाहीत." चोवीस तास उलटले म्हणून घरी बसू नये. उशीर झाला तरी जावे.

६. जखम साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. शेण, राख, माती लावू नये, हळदीने तोंड बुजवू नये. आणि बुडखे छाटताना पायात बूट असावेत. चपलेवर खोडव्यात शिरू नये.

७. डोस घेतल्याची तारीख ऊसनोंदीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. लागणीची तारीख आपण विसरत नाही, तशीच हीही विसरू नये.

आम्ही शेतकी विभागातील माणसांनी सुरुवात स्वतःपासून केली. विभागाची यादी केली तेव्हा पन्नाशीपुढच्या एकाही पुरुष कर्मचाऱ्याकडे तीन डोसांचा कागद निघाला नाही. वर्षानुवर्षे सभासदांना बेणेप्रक्रिया शिकवणारे आम्ही, आमचीच लागण बिनाप्रक्रियेची! सगळ्यांचा पहिला डोस झाला आहे. यापुढे प्लॉट पाहणीला आलेला चिटबॉय साठीपुढच्या सभासदांना दोन प्रश्न विचारेल: लागणीची तारीख कोणती, आणि डोसाची तारीख कोणती? राग मानू नये.

अण्णांचा दुसरा डोस गेल्या महिन्यात झाला. अजून काठी घेऊन चालतात. परवा बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, त्या दिवशी तुम्ही नांग्या मोजत होता, तेव्हा माझ्याच अंगात नांगी पडली होती बघा." आम्हाला काय बोलावे ते सुचले नाही. त्या दिवशी चिंधी बघून आम्ही दोन शब्द विचारले असते, तर त्याच सायंकाळी जीपमधून त्यांना दवाखान्यात पोहोचवता आले असते. तहान लागल्यावर विहीर खोदू नये, हे आम्ही सभासदांना पाणी नियोजनात सांगतो. आज तेच जरा निराळ्या कामासाठी सांगत आहोत.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पान वाचून दाखवावे, ही विनंती.